पेनसिल्व्हेनियाचा कल कसा वाचावा : दाजींसाठी आणि फोन करणाऱ्या बाकी सगळ्यांसाठी

मी बेथलेहेममध्ये राहते. पेनसिल्व्हेनियाच्या पूर्व टोकाला लीहाय नदीकाठचं जुनं पोलादी गाव, काउंटी (म्हणजे इथला जिल्हा) नॉर्थॅम्प्टन. दर चार वर्षांनी ऑक्टोबर उजाडला की इचलकरंजीहून दाजींचा फोन ठरलेला: ‘काय गं, तुमच्याकडं वारं कुठलं?’ मग सासरचा व्हॉट्सॲप ग्रुप, मग पुण्यातल्या मैत्रिणी. सगळ्यांना एकच हवं असतं, नाव. ट्रम्प की बायडन, ट्रम्प की हॅरिस. नाव मला सांगता येत नाही, आणि छातीठोक सांगणाऱ्यावर मी विश्वासही ठेवत नाही. पण वारं कसं मोजायचं ते सांगता येतं. मी एका ट्रकवाहतुकीच्या कंपनीत हिशेब बघते. आकडे रकान्यात लिहून मागच्या वर्षाशी ताडून बघायची सवय हाताला आहे. निवडणुकीलाही तेवढंच लागतं.

थोडक्यात सांगायचं तर राज्याची बेरीज बघत बसू नका. ठरावीक आठ-दहा काउंट्या निवडा, आणि तिथं मागच्या वेळेपेक्षा फरक कुणाच्या बाजूला किती सरकला ते बघा. अध्यक्षपदाचा हिशेब आणि काँग्रेसचा, म्हणजे इथल्या संसदेचा, हिशेब वेगळ्या पानांवर ठेवा.

आधी किती बारीक फरकाची गोष्ट आहे ते

अमेरिकेत अध्यक्ष व्हायला ५३८ पैकी २७० इलेक्टोरल मतं, म्हणजे राज्यांना वाटून दिलेली मतं, लागतात. पेनसिल्व्हेनियाची १९ आहेत (२०२० पर्यंत २० होती, जनगणनेनंतर एक गेलं), आणि जो राज्यात एका मतानं पुढे त्याला सगळी १९. आता राज्यातला फरक बघा. २०१६ मध्ये रिपब्लिकन ट्रम्प ४४,२९२ मतांनी जिंकले. २०२० मध्ये डेमोक्रॅट बायडन ८०,५५५ मतांनी. २०२४ मध्ये पुन्हा ट्रम्प, साधारण १ लाख २० हजारांनी. मतदान होतं ६०-७० लाखांचं. म्हणजे ओळीनं तीन निवडणुका दोन टक्क्यांच्या आत निकालात निघाल्या, आणि दर वेळी राज्य जिंकणाराच व्हाइट हाउसमध्ये गेला.

इतक्या बारीक फरकात सर्वेक्षणं कितपत उपयोगी? २०१६ मध्ये शेवटच्या सरासरीत डेमोक्रॅट हिलरी क्लिंटन तीन-चार टक्क्यांनी पुढे होत्या आणि ०.७ टक्क्यांनी हरल्या. २०२० मध्ये बायडन साडेचार-पाच टक्क्यांनी पुढे दिसत होते, जिंकले १.२ नं. २०२४ मध्ये सरासरी जवळजवळ बरोबरीची होती, ट्रम्प १.७ नं जिंकले. या तीन ओळी वाचून ‘रिपब्लिकनला दोन-तीन टक्के वाढवून धरा’ म्हणणारे मला दर वेळी भेटतात. त्यांच्यापुढे मी २०२२ ची ओळ ठेवते. त्या वर्षी सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, लढतीत शेवटच्या सरासरीत रिपब्लिकन मेहमेट ऑझ किंचित पुढे होते आणि डेमोक्रॅट जॉन फेटरमन जवळपास ५ टक्क्यांनी जिंकले. सर्वेक्षण चुकतं, पण पुढच्या खेपेला कुठल्या बाजूला चुकेल ते आधी कळत नाही.

२०१६ च्या चुकीचं एक कारण मात्र नीट सापडलेलं आहे. पदवीधर माणसं सर्वेक्षणाला जास्त उत्तरं देतात, आणि तेव्हा राज्यपातळीवरच्या अनेक संस्था शिक्षणानुसार आकडे समतोल करत नव्हत्या. त्याच वर्षी पदवी नसलेला गोरा कामगार मतदार घाऊक प्रमाणात ट्रम्पकडे गेला. तेव्हा सर्वेक्षण हातात आलं की त्यात शिक्षणाचा हिशेब केलाय का ते बघा. दुसरं, ८०० जणांचा नमुना असेल तर चुकीची मर्यादा साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते, आणि ती प्रत्येक उमेदवाराच्या आकड्याला लागू होते. दोघांमधल्या आघाडीला ती जवळजवळ दुप्पट धरायची. ‘हॅरिस एक टक्क्यानं पुढे’ या मथळ्यात बातमी काहीच नव्हती. तिसरं, एकाच सर्वेक्षणातल्या ‘लॅटिनो तरुण’, ‘गोऱ्या विवाहित स्त्रिया’ असल्या उपगटांचे आकडे वाचून मत बनवू नका. त्या रकान्यात कधी कधी साठ-सत्तर माणसंच असतात.

सर्वेक्षणांवर यापेक्षा जास्त वेळ घालवू नये असं माझं मत आहे. वेळ घालवायचा तो पुढच्या कामावर.

वही आखणं

उभ्या ओळीत काउंट्या, आडव्या रकान्यांत २०१६, २०२०, २०२४ आणि एक मोकळा. प्रत्येक खणात दोन गोष्टी लिहायच्या, कोण पुढे आणि किती मतांनी. टक्के नंतर काढता येतात. पेनसिल्व्हेनियात ६७ काउंट्या आहेत, सगळ्या लिहायची गरज नाही.

पहिली ओळ फिलाडेल्फिया. इथं डेमोक्रॅटच जिंकणार, प्रश्न कितीनं हा. २०१६ मध्ये क्लिंटनना इथं सुमारे ४ लाख ७५ हजारांची आघाडी मिळाली आणि त्या राज्य हरल्या. २०२० मध्ये बायडनना सुमारे ४ लाख ७१ हजारांची मिळाली, म्हणजे थोडी कमीच, आणि ते राज्य जिंकले. हे दोन आकडे शेजारी लिहिले की ‘फिलाडेल्फिया ठरवते’ हे टीव्हीवरचं वाक्य किती अपुरं आहे ते कळतं. २०२४ मध्ये मात्र हॅरिसची आघाडी सव्वाचार लाखांच्या आसपास उतरली, आणि तेवढी घट भरून काढायला दुसरीकडे काही उरलेलं नव्हतं.

मग २०२० मध्ये फरक पडला कुठे? शहराच्या भोवतीच्या उपनगरांत. मॉन्टगोमेरी काउंटीत क्लिंटनना ९३ हजारांची आघाडी होती, बायडनना १ लाख ३४ हजारांची. चेस्टरमध्ये २५ हजारांची ५४ हजारांच्या जवळ गेली. आपले आयटीतले आणि औषधकंपन्यांतले बरेच मराठी लोक याच दोन काउंट्यांत राहतात. तिथल्या गणपतीत राजकारणावर बोलायचं नाही असा अलिखित नियम आहे आणि तो प्रसादाच्या रांगेपर्यंतच टिकतो. पश्चिमेला पिट्सबर्गची ॲलेगेनी काउंटी, तिथं १ लाख ८ हजारांवरून १ लाख ४७ हजारांवर. ही सगळी वाढ जोडून बघा, राज्य कसं फिरलं ते वहीतच दिसतं.

उपनगरांत बक्स काउंटीला स्वतंत्र ओळ द्या. डेलावेअर नदीकाठी उत्तरेला शेतं आणि महागडी जुनी दगडी घरं, दक्षिणेला लेव्हिटाउनसारख्या कामगारांच्या वसाहती. क्लिंटननी ती तीन हजारांपेक्षा कमी मतांनी राखली होती, बायडननी सुमारे १७ हजारांनी, आणि २०२४ मध्ये ती काही शे मतांनी ट्रम्पकडे गेली. अध्यक्षपदाला रिपब्लिकनच्या बाजूनं ती त्याआधी १९८८ मध्ये गेली होती.

आता उलट्या बाजूच्या ओळी. लुझर्न, म्हणजे विल्क्स-बॅरी आणि हेझल्टनचा कोळशाच्या खाणींचा जुना पट्टा. २०१२ मध्ये ओबामांनी जिंकलेली ही काउंटी २०१६ मध्ये ट्रम्पनी सुमारे २६ हजारांनी घेतली. राज्यातला एकूण फरक ४४ हजारांचा होता हे आठवा. एका काउंटीनं त्यातला निम्म्याहून जास्त वाटा उचलला. शेजारी लॅकवॉना, म्हणजे स्क्रँटन, बायडन यांचं जन्मगाव. तिथं डेमोक्रॅट अजून जिंकतात, पण ती आघाडी आटली की समजायचं ईशान्य भाग हातचा चाललाय.

मग दोन आरशासारख्या काउंट्या, वायव्येची ईरी आणि आमची नॉर्थॅम्प्टन. दोन्ही २०१२ मध्ये ओबामा, २०१६ मध्ये ट्रम्प, २०२० मध्ये बायडन, २०२४ मध्ये ट्रम्प. २०२० मध्ये ईरीत फरक सुमारे १,४०० मतांचा होता, आमच्याकडे सुमारे १,२०० चा.

आमच्या काउंटीविषयी थोडं जास्त सांगते, कारण इथं मी राहते आणि वारं इथल्या दुकानांत कानावर पडतं. बेथलेहेम स्टीलच्या भट्ट्या १९९५ मध्ये थंडावल्या, कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. भट्ट्यांचे सांगाडे अजून उभे आहेत, आणि त्याच जमिनीवर आता कसिनो आहे. ७८ नंबरच्या महामार्गालगत जिथं मका होता तिथं गोदामं झाली. माझी नोकरी त्यांच्यावरच चालते. ईस्टनला क्रेयॉनचा कारखाना, नॅझरेथला गिटारींचा. उत्तरेला बँगर, पेन आर्गिल ही पाटीच्या दगडाच्या खाणींची गावं, त्यांना स्लेट बेल्ट म्हणतात, तिथं रिपब्लिकन पाट्या दाट. मधल्या टाउनशिपांत न्यू जर्सीतली घरं परवडत नाहीत म्हणून आलेली कुटुंबं. शहरांत पोर्तो रिको आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेले लोक, दोन नावाजलेली विद्यापीठं आणि पोलाद कारखान्याचं पेन्शन खाणारे म्हातारे. यातल्या प्रत्येक गटाचा मोठा भाऊ राज्यात कुठे ना कुठे आहे, म्हणून काउंटीचा निकाल राज्यासारखा लागतो. पण आरसाही फसवतो. २००० आणि २००४ मध्ये नॉर्थॅम्प्टननं गोर आणि केरी या डेमोक्रॅटांना कौल दिला होता, आणि अध्यक्ष झाले रिपब्लिकन बुश.

शेवटची ओळ शहरांची, काउंटीची नाही. ॲलनटाउन, रेडिंग, हेझल्टन. ॲलनटाउनची निम्म्याहून जास्त वस्ती लॅटिनो आहे, रेडिंगची दोन तृतीयांशाहून जास्त. पूर्वी ही मतं डेमोक्रॅटांची म्हणून धरून चालायचे. २०२४ मध्ये ट्रम्पच्या न्यूयॉर्कच्या सभेत एका विनोदकारानं पोर्तो रिकोला कचऱ्याचं बेट म्हटलं, आणि दोनच दिवसांनी ट्रम्प ॲलनटाउनला सभेला आले. ‘आता ही मतं गेली’ असं सगळीकडे लिहून येत होतं. प्रत्यक्षात या शहरांत ट्रम्पची मतं २०२० पेक्षा वाढली. मुद्दा काउंटीच्या बेरजेत बुडून जातो, म्हणून शहरांचे आकडे काउंटीच्या संकेतस्थळावरून केंद्रवार काढून बघावे लागतात. ते दुसऱ्या दिवशीचं काम.

मोजणीच्या रात्री

हा भाग नीट वाचा, कारण गोंधळ इथंच होतो.

मतदान संपतं रात्री ८ वाजता. भारतात तेव्हा दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा. पेनसिल्व्हेनियात २०१९ च्या ७७ क्रमांकाच्या कायद्यानं कुणालाही कारण न देता टपालानं मत द्यायची मुभा मिळाली. पण ते लिफाफे मतदानाच्या दिवशी सकाळी ७ च्या आधी उघडायचे नाहीत ही अट राहिली. फ्लोरिडासारख्या राज्यात ते काम आधीच उरकलेलं असतं, म्हणून तिथला निकाल जेवणं व्हायच्या आत येतो. इथं नाही.

त्यात टपालानं मत देणारे बहुतांश डेमोक्रॅट आणि केंद्रावर जाणारे जास्त करून रिपब्लिकन. त्यामुळे आकडे कुठल्या पेटीतून आले त्यावर आघाडी हेलकावते. रात्री ८ नंतर पहिला हप्ता येतो तो दिवसभरात उघडून तयार ठेवलेल्या टपाली मतांचा. तेव्हा डेमोक्रॅट चाळीस टक्क्यांनी पुढे दिसतील, खूश होऊ नका. ९ ते ११ मध्ये मतदान केंद्रांची मतं येतात आणि चित्र पालटतं, घाबरू नका. मध्यरात्रीनंतर मोठ्या शहरांचं उरलेलं टपाल. २०२० मध्ये टपाली मतं २५ लाखांहून जास्त होती, त्यामुळे बुधवारी पहाटे ट्रम्प साडेसहा लाखांहून जास्त मतांनी पुढे होते आणि शनिवारी, ७ नोव्हेंबरला, राज्य बायडन यांच्या नावावर जाहीर झालं. दोन्ही वेळचे आकडे खरेच होते, मोजायचा क्रम तेवढा वेगळा. आपल्याकडे टपाली मतं मूठभर असतात, तरी २०२४ मध्ये मुंबई वायव्यचा निकाल ४८ मतांवर आला तेव्हा त्यांच्यावरून केवढी खडाजंगी झाली ते तुम्ही पाहिलंय. इथं हीच मतं लाखांत असतात.

२०२४ मध्ये टपाली मतं २० लाखांच्या आत आली, रिपब्लिकन पक्षानंही आपल्या लोकांना टपाल वापरायला सांगितलं होतं, काउंट्यांकडे यंत्रं आणि माणसं जास्त होती. राज्य पहाटे अडीचच्या आतच जाहीर झालं, भारतात दुपारचा एकही वाजला नव्हता. म्हणजे २०२० चा अनुभव २०२४ मध्ये जसाच्या तसा चालला नाही. पुढच्या वेळी टपाली मतांत कोणत्या पक्षाचा वाटा किती आहे ते आधी बघून घ्या. हा आकडा मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत रोज मिळतो, कारण पेनसिल्व्हेनियात मतदार पक्षानुसार नोंदलेले असतात. मात्र त्यावरून जिंकण्या-हरण्याचा अंदाज बांधू नका. लिफाफ्यावर पक्षाची नोंद कळते, आतलं मत कळत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. राज्य सरकारच्या निकालाच्या पानावर प्रत्येक काउंटीची मतं तीन भागांत दिसतात: केंद्रावरची, टपाली आणि तात्पुरती, म्हणजे पात्रतेची शंका असल्यानं बाजूला ठेवलेली. ‘९५ टक्के मोजून झालं’ हे टीव्हीवर दिसलं तरी तो अंदाज असतो. कधी ते ९५ टक्के केंद्रांचे असतात आणि टपालाचे गठ्ठे अजून बांधलेलेच असतात. म्हणून मी एक नियम पाळते. ज्या काउंटीत केंद्रं आणि टपाल दोन्ही जवळजवळ पूर्ण झालं तिचाच आकडा वहीत मोकळ्या रकान्यात लिहायचा, बाकीच्यांचा पेन्सिलनंही नाही.

सगळ्यात आधी पूर्ण होतात त्या लहान ग्रामीण काउंट्या, कॅमेरॉन, फॉरेस्टसारख्या, जिथं एकूण मतंच काही हजार. त्या ट्रम्पनी सत्तर टक्के मतं घेऊन जिंकल्या हे काही सांगत नाही. मागच्या वेळी सत्तर होते, आता एकाहत्तर की अडुसष्ट, ते सांगतं. अशा सहा-सात काउंट्यांत काटा एकाच बाजूला एक-दीड टक्का सरकलेला दिसला की राज्यभरातल्या ग्रामीण भागाचा कल हातात आला. मग वाट बघायची ती पहिल्या पूर्ण उपनगरी काउंटीची. तीही त्याच बाजूला सरकली असेल तर माझ्या दृष्टीनं काम संपलं. २०२४ मध्ये तसंच झालं, ग्रामीण, उपनगर, शहर, जवळजवळ सगळीकडे काटा उजवीकडे. ग्रामीण एकीकडे आणि उपनगर दुसरीकडे सरकलं असेल, २०२० सारखं, तर मात्र झोपा आणि ॲलेगेनी पूर्ण होईपर्यंत थांबा.

काँग्रेसचं पान

इथं दाजींना नेहमी आश्चर्य वाटतं: एकच मतदार, एकच मतपत्रिका, मग वर एका पक्षाला आणि खाली दुसऱ्याला कसं काय? पूर्वी पेनसिल्व्हेनियात मतपत्रिकेवर एकच खूण करून एका पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देता यायचं. २०१९ च्या त्याच कायद्यानं ती सोय काढून टाकली. आता प्रत्येक पदासाठी वेगळी खूण करावी लागते. काहीजण अध्यक्षाला मत देतात आणि बाकीची पत्रिका कोरी ठेवून निघून जातात.

२०२४ ची सिनेटची लढत बघा. ट्रम्प यांना राज्यात जेवढी मतं पडली त्यापेक्षा त्यांच्याच पक्षाचे डेव्हिड मॅकॉर्मिक यांना सुमारे १ लाख ४४ हजार कमी पडली. डेमोक्रॅट बॉब केसी यांना हॅरिसपेक्षा सुमारे ३९ हजार कमी. तरी मॅकॉर्मिक सुमारे १५ हजारांनी जिंकले, आणि तीन वेळा निवडून आलेले, वडील राज्याचे गव्हर्नर होते असे केसी हरले. तिसऱ्या-चौथ्या पक्षांच्या उमेदवारांना मिळून पडलेली मतं या फरकाच्या कितीतरी पट होती. म्हणून सिनेटच्या पानावर ‘इतर’ असा रकाना हवाच. अध्यक्षपदाच्या पानावर तो नसला तरी फारसं अडत नाही.

प्रतिनिधिगृहासाठी, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहासाठी, राज्यात १७ मतदारसंघ. त्यातल्या बाराएक जागांकडे बघायचीही गरज नाही. आपल्या लोकांना हे पटवायला मी मिशिगनचं उदाहरण देते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून निवडून आले. मिशिगन कुंपणावरचं राज्य, पण तो मतदारसंघ डेमोक्रॅटांचा पक्का बालेकिल्ला. तिथली खरी लढत पक्षांतर्गत, ऑगस्टमधल्या प्राथमिक फेरीतच होऊन जाते. राज्य अटीतटीचं म्हणजे प्रत्येक जागा अटीतटीची असं नसतं.

पेनसिल्व्हेनियात बघायच्या त्या चार. आमची सातवी: लीहाय, नॉर्थॅम्प्टन, कार्बन आणि मन्रोचा एक तुकडा. २०२४ मध्ये रिपब्लिकन रायन मॅकेन्झी यांनी डेमोक्रॅट सुसन वाइल्ड यांना चार हजारांच्या आसपास मतांनी हरवलं. आठवी, स्क्रँटन आणि परिसर: रिपब्लिकन रॉब ब्रेसनहन यांनी डेमोक्रॅट मॅट कार्टराइट यांना हरवलं, तेही दोन टक्क्यांच्या आत. कार्टराइट २०१३ पासून तिथं होते आणि ट्रम्पनी जिंकलेल्या भागातून वारंवार तगले होते, यावरून अशा माणसाची स्वतःची पुण्याई किती काळ पुरते ते दिसतं. दहावी, हॅरिसबर्ग आणि यॉर्क: रिपब्लिकन स्कॉट पेरी हे, तिथं टीव्ही निवेदक म्हणून घरोघर माहीत असलेल्या डेमोक्रॅट जॅनेल स्टेल्सन यांच्याविरुद्ध जेमतेम वाचले. आणि पहिली, मुख्यतः बक्स: ब्रायन फिट्झपॅट्रिक रिपब्लिकन असून ज्या वर्षी बायडननी तो भाग जिंकला त्याही वर्षी निवडून आले, आणि २०२४ मध्ये दोन आकडी टक्क्यांनी. अध्यक्षपदाचा कल लावून पहिलीचा अंदाज करणारा दर वेळी तोंडघशी पडतो.

या चारांचं महत्त्व दिल्लीच्या नव्हे, वॉशिंग्टनच्या आकड्यांवरून कळतं. २०२४ नंतर प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन २२० आणि डेमोक्रॅट २१५. बहुमताला २१८ लागतात. तीन जागा इकडच्या तिकडे झाल्या की सभागृह फिरतं, आणि त्या वेळी दोन जागा एकट्या पेनसिल्व्हेनियानंच इकडून तिकडे केल्या होत्या.

मतदारसंघाचे आकडे मागच्याशी ताडताना एक खबरदारी घ्या. सीमा बदललेल्या असतात. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये जुना नकाशा रद्द करून नवा लावला, २०२२ मध्ये जनगणनेनंतर पुन्हा नवा आला. २०१६ चा ‘सातवा मतदारसंघ’ फिलाडेल्फियाच्या बाजूला भलत्याच गावांत होता, त्याचा आमच्याशी काही संबंध नाही. तेव्हा काँग्रेसच्या पानावर २०२२ च्या आधीचे रकाने आखूच नका.

मधल्या निवडणुकीचं, म्हणजे अध्यक्षपद नसलेल्या वर्षाचं, गणित आणखी वेगळं. २०२६ च्या नोव्हेंबरात राज्यात अध्यक्षपद नाही, सिनेटची जागाही नाही. गव्हर्नर आणि १७ प्रतिनिधी आहेत. अशा वर्षी पत्रिकेच्या वरचं नाव म्हणजे गव्हर्नरपदाचा उमेदवार. २०२२ मध्ये डेमोक्रॅट जॉश शपिरो यांनी रिपब्लिकन डग मॅस्ट्रियानो यांना जवळपास १५ टक्क्यांनी हरवलं, आणि त्या वर्षी वाइल्ड, कार्टराइट दोघंही वाचले. ट्रम्पचं नाव पत्रिकेवर नसलं की त्यांच्यासाठीच घराबाहेर पडणारा मतदार घरी राहतो का, हा त्या वर्षी विचारायचा पहिला प्रश्न. त्यामुळे २०२६ चा आकडा २०२२ शी ताडा, २०२४ शी नको. २०२८ मध्ये अध्यक्षपद आणि फेटरमन यांची सिनेटची जागा एकाच पत्रिकेवर येतील, तेव्हा २०२४ चं पान पुन्हा काढायचं.

ज्याकडे मी कानाडोळा करते

अंगणातल्या पाट्या. सभांची गर्दी. मतदानाच्या दिवशीची रांग. मी मुद्दाम टपालानं न देता चर्चच्या हॉलमध्ये जाऊन मत देते, रांग बघायला मजा येते म्हणून, पण तिच्यावरून काही ठरवत नाही. सट्ट्याचे भाव. आणि कुठल्याही पक्षाच्या नातेवाइकाचं ‘आमच्या भागात तर सगळे...’ असं सुरू होणारं वाक्य.

पक्षनोंदणीबाबत मात्र अर्धा कान उघडा ठेवा. ओबामांच्या २००८ च्या विजयाच्या सुमारास राज्यात नोंदलेले डेमोक्रॅट रिपब्लिकनपेक्षा दहा लाखांहून जास्त होते. २०२४ च्या निवडणुकीला तो फरक तीन लाखांच्या आत आला, आणि त्याच वर्षी बक्स आणि लुझर्नमध्ये नोंदणीत रिपब्लिकन पुढे गेले. ऐकायला भूकंप वाटतो. पण यातले पुष्कळ जण खाणींच्या आणि पोलादाच्या गावांतले. त्यांनी मत केव्हाच बदललं होतं, कागद उशिरा बदलला. आमच्या गल्लीतले निवृत्त भट्टीकामगार आजोबा १९८४ मध्ये रेगनना मत दिल्याचं अभिमानानं सांगतात आणि युनियनच्या काळातली डेमोक्रॅट नोंदणी अजून तशीच आहे. नोंदणीचा आकडा म्हणजे बहुधा जुनीच बातमी, उशिरा पोचलेली.

निकाल फारच घासून लागला तर

राज्यभराच्या पदासाठी, म्हणजे अध्यक्ष, सिनेट, गव्हर्नर वगैरे, फरक अर्धा टक्का किंवा त्याहून कमी असेल तर फेरमोजणी आपोआप लागू होते. हरलेल्या उमेदवारानं लेखी नको म्हटलं तरच टळते. २०२४ मध्ये केसींच्या बाबतीत ती सुरू झाली आणि मधेच २१ नोव्हेंबरला त्यांनी हार मान्य केली. फेरमोजणीत राज्यात हजारो मतं इकडची तिकडे होतील या आशेवर बसू नका. हलतात ती बहुधा थोडकी.

मतदारसंघाच्या जागेला हा नियम लागू नाही. सातवीत उद्या दोनशे मतांचा फरक पडला तरी फेरमोजणी आपोआप होणार नाही. त्यासाठी केंद्रामागे तीन मतदारांनी अर्ज करावा लागतो, मुदतीत आणि पैसे भरून. त्यामुळे अशा रात्री बघायचं ते टपालाचे किती लिफाफे उरलेत आणि तात्पुरती मतं किती आहेत. आमच्या काउंटीत त्या तात्पुरत्या मतांची सुनावणी मतदानानंतरच्या दिवसांत होते, आणि वहीतला तो एक खण तोवर कोराच ठेवायचा.